वस्तऱ्याचा निसणा

घडीच्या वस्तऱ्याला धार लावण्याचा सपाट, बारीक पोताचा दगड. याला सहाण किंवा धारेचा दगड असेही म्हणतात. सुरी घासताना कोन हाताने सांभाळावा लागतो. वस्तऱ्यात तो पात्याच्या घडणीतच असतो. पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडावर टेकतात. पाठ ५ मिमी जाड आणि पाते १८ मिमी रुंद असेल, तर धारेचा कोन आपोआप १६ अंशांच्या आसपास येतो. मात्र त्यासाठी दगड सपाट हवा. खोलगट दगडावर धार सगळीकडे सारखी टेकत नाही. म्हणून दगड घेताना आधी सपाटपणा पाहावा, बारीकपणा नंतर.

नवा दगडही सपाट असेलच असे नाही. त्यावर पेन्सिलीने चौकटी आखाव्यात आणि जाड काचेवर चिकटवलेल्या २२० ते ४०० नंबरच्या वॉटर पेपरवर पाणी घालून, सगळ्या रेघा पुसल्या जाईपर्यंत तो घासावा. कडाही किंचित गोल कराव्यात, नाहीतर त्यांवर धारेचे टवके उडतात. २०० × ७५ मिमीचा दगड सोयीचा. वस्तऱ्याची धार सुमारे ७५ मिमी लांब असल्याने ती दगडाच्या रुंदीत मावते. अरुंद दगडही चालतो, पण मग पाते तिरपे ओढत मुठीकडून टोकापर्यंत न्यावे लागते.

कृत्रिम दगडांचा बारीकपणा नंबरावरून कळतो. जपानी मोजणीत ४००० म्हणजे सुमारे ३ मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आणि ८००० म्हणजे सुमारे १.२ मायक्रॉनचे कण. सगळे उत्पादक एकच मोजणी पाळत नाहीत, त्यामुळे दोन कंपन्यांच्या दगडांची तुलना करताना नंबरापेक्षा मायक्रॉन पाहावेत. नेहमीचा क्रम १०००, ४००० किंवा ५०००, ८००० आणि हवा तर १२०००. ८००० वरची धारही दाढीला पुरते. त्यापुढचा दगड कातडीला मऊ लागावे म्हणून. नवशिके बहुतेक पैसे या शेवटच्या दगडावर घालतात, पण खरे काम १००० वर होते. धारेला मिळणारे पात्याच्या दोन्ही बाजूंचे उतार मुठीपासून टोकापर्यंत एका रेषेत मिळाले नाहीत, तर पुढचा कितीही महाग दगड फक्त बोथट धारेला चकाकी देतो. हातावरचे केस कातडीलगत सहज कापले जाईपर्यंत १००० सोडू नये. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा दोन बाजूंचा कार्बोरंडम दगड कोयत्याला, पटाशीला ठीक. वस्तऱ्यावर त्याचे ओरखडे इतके खोल जातात की ते काढता काढता पाते झिजते.

नैसर्गिक दगडांना नंबर नसतो. बेल्जियममधील आर्देन भागातला पिवळसर कोटिक्यूल हा त्यांतला सर्वांत हरहुन्नरी. त्यात गार्नेटचे सूक्ष्म कण असतात. चंदन उगाळावे तसा छोट्या दगडाने त्यावर पाणी घालून गाळ काढला की तो भराभर कापतो. नुसत्या पाण्यावर सावकाश आणि बारीक. गाळात धार विशिष्ट टप्प्यापलीकडे चढत नाही, कारण मोकळे कण धारेवरच आपटत राहतात. म्हणून थेंबाथेंबाने पाणी वाढवत गाळ पातळ करायचा आणि शेवटी स्वच्छ पाण्यावर यायचे. कोटिक्यूलचा पिवळा थर ठिसूळ असल्याने बहुधा पाटीच्या दगडावर चिकटवलेला असतो. जर्मनीतला थुरिंगियन आणि क्योटोजवळच्या खाणींतले दगड शेवटचा हात फिरवायला नावाजलेले. पण प्रत्येक तुकडा वेगळा आणि भाव भारी. अमेरिकेतला अर्धपारदर्शक आर्कान्सा दगड कठीण आणि संथ; त्यावर बहुतेक जण तेल वापरतात. तेल मुरलेला दगड नंतर पाण्यावर नीट चालत नाही, म्हणून दोन्हींपैकी एक ठरवून तेच पाळावे.

काही कृत्रिम दगड दहा-पंधरा मिनिटे भिजवावे लागतात, तर ज्यांचे कण मॅग्नेशियाने (मॅग्नेशियम ऑक्साइडने) बांधलेले असतात ते दगड भिजत ठेवल्यास तडकतात. त्यांवर फक्त पाणी शिंपडावे आणि ते सावलीत वाळवावेत.

पाते धार पुढे ठेवून ढकलावे. उलटताना पाठीवर फिरवावे, धारेवर कधीही नाही. बारीक दगडांवर हाताचा भार जवळपास नकोच: पातळ पाते दाबाने वाकते आणि धारेला पापुद्रा येतो. पापुद्रा आल्यास धार मागे ठेवून काही हात ओढावेत आणि पुन्हा हलक्या हाताने पुढे ढकलावे. पाठ झिजू नये म्हणून तिच्यावर चिकटपट्टी लावतात. तिने कोन सुमारे एका अंशाने वाढतो, त्यामुळे एकदा लावली की पुढच्या सर्व दगडांवर तशीच ठेवावी.

न्हाव्याच्या धोकटीत मावणारा छोटा निसणा वेगळ्या कामाचा. तो बोथट वस्तरा सुधारत नाही. उतरू लागलेली धार पाच-दहा हलक्या हातांत परत आणतो. महाराष्ट्रातील सलूनांत आता अर्धे ब्लेड बसवायचा वस्तरा आला आहे, त्यामुळे तिथे निसणा क्वचितच दिसतो. घरी वस्तरा वापरणाऱ्याने मात्र चामड्याच्या पट्ट्यावर रोज चाळीस-पन्नास हात मारले, तर महिनोन्‌महिने दगडाची गरज पडत नाही.