४५ वा क्रमांक कसा वाचायचा? हिवाळी खेळांतला भारतीय संघ आणि त्यामागची सहा दशकं

१३ फेब्रुवारी २०२२ रोजी बीजिंगजवळच्या यानचिंगच्या उतारावर भारताचा स्कीअर आरिफ खान जायंट स्लॅलममध्ये (खांबांच्या जोड्यांमधून, म्हणजे 'गेट'मधून, वळणं घेत उतरायची शर्यत) ४५ वा आला. ८० हून अधिक स्पर्धक उतरले होते, दोन्ही फेऱ्या पूर्ण केल्या त्यातल्या ४६ जणांनी. त्यामुळे कुणी म्हणालं "शेवटून दुसरा", कुणी म्हणालं "चाळीसएक जणांच्या पुढे". दोन्ही खरं आहे, पण दोन्हीतून फारसं काही कळत नाही. स्कीइंगमध्ये क्रमांकाच्या आधी वेळ पाहायची असते.

विजेत्या मार्को ओडरमाटची दोन फेऱ्यांची वेळ होती २ मिनिटं ९.३५ सेकंद, आरिफची २ मिनिटं ४७.२४ सेकंद. फरक ३७.८९ सेकंदांचा, म्हणजे विजेत्याच्या वेळेच्या साधारण २९ टक्के. आंतरराष्ट्रीय स्की महासंघ हा फरक गुणांत मांडतो. आपली वेळ भागिले विजेत्याची वेळ, त्यातून १ वजा, आणि उरलेल्याला त्या प्रकाराच्या ठरलेल्या आकड्यानं गुणायचं. जायंट स्लॅलमसाठी हा आकडा १०१०, स्लॅलमसाठी (यात गेट जास्त जवळजवळ असतात) ७३०. गुण जितके कमी, तितका स्कीअर चांगला. या हिशेबानं आरिफच्या त्या दिवसाच्या शर्यतीचे साधारण २९६ गुण होतात. तो दिवस वाईटच होता. दाट हिमवर्षाव होता, पुढचं गेट नीट दिसत नव्हतं आणि दुसरी फेरी तासाभराहून जास्त उशिरा सुरू झाली. तीन दिवसांनी स्लॅलममध्ये तो पहिली फेरीही पूर्ण करू शकला नाही. तरीही एकाच हिवाळी ऑलिंपिकमध्ये दोन प्रकारांसाठी पात्र ठरलेला तो पहिला भारतीय. ही पात्रता मिळवणं किती अवघड होतं, ते हे गुण कसे कमवावे लागतात यावरून कळतं.

शर्यतीतल्या गुणांत एक 'पेनल्टी' मिळवली जाते आणि ती ठरते त्या शर्यतीत किती तगडे स्कीअर उतरलेत यावर. स्पर्धक कच्चे असतील तर पेनल्टी मोठी. त्यामुळे गुलमर्गला देशांतर्गत शर्यत मोठ्या फरकानं जिंकूनही ऑलिंपिकचं दार उघडत नाही. चांगले गुण हवेत तर चांगल्या खेळाडूंच्या शर्यतीत उतरून थोडक्यानं हरावं लागतं, तेही पुन्हा पुन्हा, कारण एकाच निकालावर भागत नाही. तिकीट, मुक्काम, प्रशिक्षक, स्कीचे जोड असा सगळा खर्च त्यात आला. आरिफनं स्लॅलमची पात्रता मिळवली दुबईत, मॉलमधल्या बंदिस्त हिम-उतारावर. मुंबईहून तीन तासांच्या विमानप्रवासावरची जागा. जायंट स्लॅलमची मिळवली माँटेनेग्रोत.

या सगळ्याची सुरुवात १९६४ ची. ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकला भारताकडून जेरेमी बुजाकोव्स्की हा मूळचा पोलिश स्कीअर उतरला. डाउनहिल (कमी वळणांची, सर्वांत वेगवान शर्यत) त्याला पूर्ण करता आलं नाही. १९६८ ला ग्रेनोबलला तो पुन्हा गेला. त्यानंतर थेट १९८८ चं कॅलगरी. तिथे तिघं होते आणि त्यांत शैलजा कुमार, हिवाळी ऑलिंपिकमधली पहिली भारतीय महिला. स्लॅलममध्ये २८ जणींनी शर्यत पूर्ण केली आणि ती २८ वी होती. त्याच उतारावर कितीतरी अनुभवी स्कीअर वाटेतच बाद झाल्या होत्या, हे तिच्या निकालासोबत सांगायलाच हवं.

मग आला शिवा केशवन. मनालीजवळच्या वशिष्ठचा हा मुलगा १९९८ मध्ये १६ व्या वर्षी नागानोला लूजमध्ये उतरला आणि २८ वा आला. लूज म्हणजे पाय पुढे करून, पाठीवर झोपून बर्फाच्या नळीतून घसरत जायचं. पोटऱ्यांच्या आणि खांद्यांच्या दाबानं घसरगाडी वळवायची. भारतात असा ट्रॅक नाही. म्हणून केशवन घसरगाडीला चाकं लावून हिमाचलच्या डोंगरी रस्त्यांवर, वाहनांच्या मधून सराव करायचा. शरीराची स्थिती आणि वळणाची वेळ यातून साधते. पोलादी धावपट्टी बर्फात किती रुतते, वळणाच्या भिंतीवर दाब कसा वाढतो, हे मात्र रस्त्यावर शिकता येत नाही. सहा ऑलिंपिकमधला त्याचा सर्वोत्तम क्रमांक २५ वा, २००६ च्या तुरिनमधला. आशियाई लूज अजिंक्यपद त्यानं एकाहून अधिक वेळा जिंकलं. आपल्याकडे त्याची पुरेशी कदर झाली नाही, असं आम्हाला मनापासून वाटतं.

सोची २०१४ मध्ये तर तो तिरंग्याखाली उतरूच शकला नाही. निवडणुकांतल्या वादांमुळे भारतीय ऑलिंपिक संघटनेवर डिसेंबर २०१२ पासून निलंबन होतं. उद्घाटनाला तिघे भारतीय ऑलिंपिक ध्वजामागून चालले. निलंबन उठलं ११ फेब्रुवारीला, तोवर केशवनच्या फेऱ्या संपल्या होत्या. हिमांशू ठाकूर आणि नदीम इक्बाल यांच्या शर्यती नंतर होत्या, म्हणून त्यांच्या नावापुढे भारत लागला.

आता हिमाकडे वळू, कारण खरी मेख तिथे आहे. गुलमर्गचं भुसभुशीत, कोरडं हिम पर्यटकांना वेड लावतं. शर्यतीसाठी ते जवळजवळ निरुपयोगी. शर्यतीचा उतार पाणी मुरवून दगडासारखा घट्ट करतात, नाहीतर पहिल्या दहा जणांतच गेटभोवती खोल चर पडतात. घट्ट पृष्ठभागावर स्कीची कड एका ठरावीक कोनातच पकड घेते, कोन थोडा चुकला की स्की निसटते. मॅटिंगवर तयार झालेल्या फलंदाजाला एकदम हिरव्या खेळपट्टीवर उभं करावं, तशी आपल्या स्कीअरची गत होते. त्यात उतरण्याचा क्रम गुणांवर ठरतो. कमजोर गुणांच्या स्पर्धकाचा नंबर येईपर्यंत मार्ग चरांनी भरलेला असतो. दुसऱ्या फेरीत पहिले ३० जण उलट्या क्रमानं जातात आणि बाकीचे त्यांच्या मागून, म्हणजे तिथेही उरलेला मार्गच वाट्याला येतो. उत्तराखंडातल्या औलीच्या उतारांना महासंघाची मान्यता आहे, पण मान्यता मिळाली म्हणून उतार रोज शर्यतीसारखा तयार होत नाही. त्यासाठी यंत्रं, पाणी आणि रात्रपाळीची माणसं लागतात.

क्रॉस-कंट्रीचा, म्हणजे चढउतारांच्या मार्गावरच्या लांब पल्ल्याच्या स्कीइंगचा पाया आपल्याकडे लष्करानं घातला. २०१८ च्या प्योंगचांगमध्ये १५ किलोमीटरला जगदीश सिंग १०३ वा आला, वेळ सुमारे ४३ मिनिटं. विजेता दारिओ कोलोन्या ३४ मिनिटांच्या आत होता. फरक फक्त दमाचा नसतो. मोठे संघ हिमाचं तापमान आणि ओल मोजून त्या सकाळी मेण निवडतात, स्कीच्या तळाला त्यानुसार बारीक रेघा पाडतात. मेण चुकलं तर प्रत्येक चढावर पाय जड होतो आणि उतारावर जे फुकट मिळायला हवं ते मिळत नाही.

सांघिक खेळात बातमी जरा आनंदाची आहे. महिला आइस हॉकी संघ २०१६ मध्ये पहिल्यांदा आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरला, तोही लोकवर्गणीच्या आधारानं. २०१७ मध्ये बँकॉकला फिलिपिन्सला ४-३ नं हरवून पहिला विजय मिळाला. २०२५ च्या आशिया चषकात कांस्यपदक. बहुतेक खेळाडू लडाखच्या, गोठलेल्या तळ्यांवर तयार झालेल्या. तळ्यावर उंच कठडे नसतात. त्यामुळे पक (खेळातली रबरी चकती) कठड्यावर आपटून परत कुठल्या कोनात येईल, याचा अंदाज या मुलींना पूर्ण आकाराच्या रिंकवर गेल्यावरच बांधायला शिकावं लागलं. तळं वर्षातून जेमतेम दोन महिने गोठतं, हे लक्षात घेतलं की त्या कांस्याचं वजन कळतं. २०२५ मध्येच तुरिनला झालेल्या स्पेशल ऑलिंपिक (बौद्धिक अपंगत्व असलेल्या खेळाडूंच्या) हिवाळी स्पर्धेत भारतीय खेळाडूंनी ३३ पदकं आणली, त्यांत ८ सुवर्णं. हिवाळी ऑलिंपिक आणि आशियाई हिवाळी स्पर्धा मात्र अजून पदकाविना आहेत.

मुंबईचा या गोष्टीशी संबंध येतो तो स्केटिंगमधून. इथे हिम नाही, पण सोसायटीच्या आवारात आणि जिमखान्यांच्या सिमेंटच्या रिंकवर चाकांचं स्केटिंग शिकणारी मुलं भरपूर आहेत. खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांत महाराष्ट्राच्या पदकांत आइस स्केटिंगचा वाटा मोठा आहे आणि ते स्केटर बहुतांशी चाकांवरूनच बर्फावर आलेले असतात.

चाकांवरून बर्फावर येताना नेमकं काय अडतं, हे पालकांनी समजून घ्यावं. शॉर्ट ट्रॅकची (छोट्या रिंकवरच्या वेगवान आइस स्केटिंगची) रिंक ६० मीटर बाय ३० मीटर, एक फेरी १११.१२ मीटर, ५०० मीटरला साडेचार फेऱ्या. वळणाची त्रिज्या अवघी ८ मीटर आणि बर्फ सपाट. इनलाइनच्या (एका ओळीत चाकं असलेल्या स्केटच्या) २०० मीटरच्या ट्रॅकला वळणावर कडेनं चढ असतो, तो थोडा झुकाव आपणहून देतो. बर्फावर सगळा झुकाव शरीरानंच द्यायचा. रबरी चाक कुठेही पकड घेतं, पात्याची मात्र कड रुतली तरच. म्हणून चाकांवरचा वेगवान मुलगा पहिल्या दिवशी सरळ रेषेत ठीक जातो आणि वळणावर उजवा पाय डाव्यावरून टाकताना बाहेर फेकला जातो. कमरेतून वाकून गुडघा सरळ ठेवायची सवय त्याला कारण असते. गुडघा ९० अंशांच्या आसपास वाकवायला आधी जमिनीवरच शिकवा.

पात्याची गोष्ट वेगळीच. शॉर्ट ट्रॅकची पाती डावीकडे सरकवून बसवतात आणि वळणाच्या दिशेनं किंचित वाकवतात. नवख्याला मात्र पातं मधोमध बसवून द्यावं, नाहीतर घोटा आत पडतो. धार लावताना दोन्ही पाती जिगमध्ये (पाती धरून ठेवणाऱ्या चौकटीत) एकत्र घट्ट बसवून दगड सपाट फिरवायचा आणि शेवटी कडेची बारीक 'बर' (धार लावताना कडेला उरलेला धातूचा खरखरीत कण) काढायची. बर राहिली तर पाय मध्येच अडकतो. हेल्मेट, मानेचं संरक्षण, न कापला जाणारा सूट आणि हातमोजे नसतील तर मुलाला बर्फावर सोडू नका. मुंबईच्या दमट हवेत पाती पिशवीत ओली ठेवली तर रात्रीतून गंजतात. ती पुसून, हलकं तेल लावून, प्लॅस्टिकचं कडक कव्हर काढून कापडी कव्हरात ठेवावीत.

अडचण जागेची आहे. गोराईच्या एस्सेलवर्ल्डमध्ये वर्षानुवर्षं आइस रिंक होती, ती करमणुकीची होती आणि आता पार्कच बंद आहे. मॉलमधले छोटे हिमविभाग तोल शिकायला ठीक आहेत, पण १११ मीटरची फेरी तिथे बसत नाही. देशातली पूर्ण आकाराची रिंक डेहराडूनला २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धेसाठी बांधली, स्पर्धा संपल्यावर ती वर्षानुवर्षं बंद पडली. २०२५ मध्ये ती पुन्हा सुरू झाली आणि ऑगस्टमध्ये तिथे आशियाई खुली शॉर्ट ट्रॅक स्पर्धाही झाली. मुंबईच्या मुलाला तिथे आठवडाभराचा मुक्काम मिळाला तरी दिवसाला बर्फाचे किती तास वाट्याला येतात, हे प्रवेश घेण्याआधी विचारावं. एकेका गटाला तासाभराहून कमी वेळ मिळत असेल, तर त्यात वळणाचा सराव किती आणि खेळाडू आपल्या पाळीची वाट पाहत किती वेळ उभे राहतात, हेही विचारून घ्यावं.