चितळाचं शिंग गळतं, रोह्याचं नाही

तूर शेंगांवर आली की आमच्या भागात एकच ओरड सुरू होते: हरणांनी शेत खाल्लं. बांधावर जाऊन पाहावं तर पाय उमटलेले असतात रोह्याचे, म्हणजे नीलगाईचे. रोही हरीण नव्हे. काळवीटही नव्हे. ते कुरंग, इंग्रजीतले अँटिलोप; हरीण म्हणजे चितळ, सांबर, भेकर. खूर दोघांचेही दुभंगलेले, रवंथ दोघंही करतात. ठिपक्यांवरून, रंगावरून ठरवायला जाल तर फसाल. नराचं शिंग पाहा.

बैलाचं शिंग तुम्हाला सांगायला नको, पोळ्याला हिंगूळ लावताना ते दरवर्षी हातात असतं. झुंजीत एखाद्याचं शिंग निघालेलंही पाहिलं असेल. वरची खोळ निघून येते आणि आतला हाडाचा खुंट रक्तबंबाळ उघडा पडतो. ती खोळ केराटिनची, आपल्या नखांच्या जातीची. रोही, काळवीट, चिंकारा, चौसिंगा, सगळ्यांची शिंगं ह्याच घडणीची. त्यांना फाटा फुटत नाही आणि ती जन्मभर डोक्यावर राहतात. म्हणून ‘काळविटानं शिंग टाकलं’ हे वाक्य कुणी बोललं की मला राहवत नाही, मी तिथेच थांबवतो.

शिंग टाकतो तो चितळ. त्याचं शिंग आरपार हाड. कवटीवरच्या खुंटावर ते कोवळं फुटतं, वरून मखमली कातडी, तिच्यातून रक्त खेळत असतं. काही महिन्यांत वाढ पुरी झाली की कातडी सुकते आणि नर ती झाडाच्या सालीवर घासून काढतो; तेव्हा शिंगाला लालसर चिंध्या लोंबताना दिसतात. उरतं ते निर्जीव हाड. पुढे तेही बुडाशी सुटून पडतं आणि नवं फुटू लागतं. ताडोब्याच्या रानात फांद्यांचं शिंग पडलेलं दिसलं म्हणजे शिकारच झाली असं नाही. पण उचलून घरी आणू नका, १९७२च्या वन्यजीव कायद्यात ते बसत नाही.

रोह्याला घोडा म्हणणाऱ्यांसाठी एवढंच: घोड्याच्या पायाला एकच खूर असतो.

नीलगाय हे नाव मात्र खोटं नाही. रोही बैलाच्याच उपकुळातला, काळवीट शेळ्या-मेंढ्यांच्या बाजूचा. दोघांना आपण कुरंग म्हणतो, तरी रोह्याला काळविटापेक्षा तुमच्या गोठ्यातला बैल जवळचा. त्याहून जवळचा आज एकच जिवंत आहे: सागाच्या रानात दबून राहणारा, शेळीएवढा चौसिंगा. नराच्या डोक्यावर चार शिंगं, आणि चारही बिनफाट्यांची.