सिमेंट लादी बसवणे

सिमेंट लादी म्हणजे साच्यात दाबून बनवलेली, भट्टीत न भाजलेली नक्षीदार फरशी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ती फ्रान्स आणि स्पेनमध्ये बनू लागली. मुंबईतल्या श्रीमंत घरांत त्या काळी इंग्लंडहून आणलेल्या, मिंटन कंपनीच्या भाजक्या लाद्या लागत. स्वदेशीच्या प्रेरणेने फिरोजशा आणि रुस्तम सिधवा यांनी १९२२ मध्ये भारत फ्लोअरिंग टाइल्सचा कारखाना काढला आणि सिमेंटची लादी इथेच तयार होऊ लागली. तमिळनाडूत चेट्टिनाडमधली आत्तंगुडी लादी याच कुळातली, पण ती दाबयंत्राशिवाय काचेवर ओतून करतात.

नक्षी लादीच्या पृष्ठभागावर छापलेली नसते. पांढरे सिमेंट, संगमरवराची भुकटी आणि खनिज रंग यांचा पातळ माल धातूच्या जाळीतून साच्यात ओततात. जाळी उचलून त्यावर सिमेंट-वाळूचे थर घालतात, दाब देतात आणि लादी पाण्यात मुरवतात. एकूण जाडी साधारण २० मिमी भरते, त्यात रंगाचा थर जेमतेम २ ते ४ मिमी. वर ग्लेझ, म्हणजे काचेसारखा थर, नसल्याने लादी पाणी, तेल, रंग सारे शोषते. बसवताना होणारे बहुतेक घोटाळे यातूनच येतात. पाणी जवळजवळ न शोषणाऱ्या व्हिट्रिफाइड लादीवर हात बसलेला मिस्त्री सांडलेला माल नंतर पुसू म्हणतो, आणि इथे डाग कायमचा राहतो.

आधी कोबा पक्का, सपाट आणि कोरडा हवा. कोकणात तळमजल्यावर जमिनीतून ओल वर येते. तिचा बंदोबस्त न करता लादी टाकली, तर पृष्ठभागावर पांढरे क्षार फुलतात. लाद्या हाती बनत असल्याने रंगाच्या छटा थोड्या बदलतात, म्हणून चार-पाच खोक्यांतल्या लाद्या मिसळून आधी कोरड्याच मांडून पाहतात. गालिचासारखी नक्षी असेल तर दोरी आणि गुण्या लावून खोलीच्या मध्यापासून सुरुवात करतात. त्याभोवती किनार आणि भिंतीलगत साध्या लाद्यांची पट्टी येते. ही पट्टी केवळ शोभेची नव्हे. जुन्या घरांच्या भिंती क्वचितच काटकोनात असतात, आणि तो तिरकेपणा ती पट्टी गिळून टाकते. खुणा मार्करने करू नयेत, शाई आत उतरते.

बसवण्याच्या कामासाठी आयएस १४४३ ही भारतीय संहिता आहे. प्रत्यक्षात सरासरी २० मिमी सिमेंट-वाळूच्या मालावर स्लरी, म्हणजे सिमेंटचा पातळ घोळ, टाकून, किंवा सपाट कोब्यावर दातेरी थापीने अ‍ॅडहेसिव्ह पसरून लादी बसवतात. मागची बाजू स्पंजाने ओलसर करतात, नाहीतर लादी मालातले पाणी ओढून घेते. चार कोपऱ्यांना मालाचे गोळे ठेवून लादी टेकवणे ही सर्रास दिसणारी कामचुकारी आहे. मधली पोकळी ठोकल्यावर भद्द वाजते आणि जड कपाट ठेवले की तिथेच तडा जातो. हातोडीही जोरात चालवायची नाही. लादी हाताने दाबून, किंचित सरकवून समतल करतात. सांधा साधारण दीड-दोन मिमीचा ठेवतात, आणि भिंतीशी थोडी मोकळी जागा, जी पुढे स्कर्टिंगखाली, म्हणजे भिंतीच्या पायथ्याच्या पट्टीखाली, झाकते.

सांधे भरण्यापूर्वी लादी पुसून, पूर्ण वाळवून सीलरचा, म्हणजे शोषण रोखणाऱ्या द्रवाचा, पहिला हात देतात. हा टप्पा गाळला तर गडद ग्राउट (सांध्यात भरायचा माल) फिकट लादीच्या कडांत उतरून प्रत्येक चौकोनाला मळकी चौकट पडते. ग्राउट लादीच्या रंगाशी जुळते घ्यावे, सांध्यापुरतेच भरावे आणि लगेच पुसावे. मग पुन्हा सीलर. मोझॅकप्रमाणे मशीनने खोल घासाई करू नये, नक्षीच निघून जाईल. रंगकाम बाकी असेल तर फरशी झाकावी, पण ओला पुठ्ठा अंथरू नये, त्याचाही डाग उठतो.

वापरात खरा शत्रू आम्ल. लिंबू, चिंच, कोकमाचे आगळ सांडले तर तिथल्या तिथे पुसावे लागते, आणि संडास साफ करण्याचे अ‍ॅसिड या फरशीच्या आसपासही नको. साधे पाणी आणि सौम्य साबण पुरतो. रोजच्या पायांनी वर्षानुवर्षे तिला मऊ झळाळी येते. सीलर मात्र मधूनमधून पुन्हा द्यावा लागतो, स्वयंपाकघरात जास्त वेळा.