ओहायोलिंक

ओहायोलिंक : अमेरिकेतील ओहायो राज्याच्या विद्यापीठीय व महाविद्यालयीन ग्रंथालयांनी आपली साधनसंपदा परस्परांच्या वाचकांना खुली करण्यासाठी उभारलेली राज्यव्यापी सहकारी यंत्रणा. ‘ओहायो लायब्ररी अँड इन्फर्मेशन नेटवर्क’ या नावाचे हे संक्षिप्त रूप आहे. १९८७ चा एक शासकीय अहवाल हा तिचा पाया, तर १९९२ मध्ये सुरू झालेली मध्यवर्ती संघतालिका (सर्व सहभागी ग्रंथालयांतील ग्रंथांची एकत्रित सूची) हे तिचे पहिले दृश्य रूप मानले जाते. राज्याचे ग्रंथालय आणि शंभराहून अधिक शैक्षणिक ग्रंथालये आज तिच्यात सहभागी आहेत. अशा यंत्रणेला इंग्रजीच्या अनुकरणाने ‘कन्सॉर्शियम’ म्हणतात. मराठीत ‘ग्रंथालय संघ’ म्हटले की ग्रंथालयांची वा कार्यकर्त्यांची संघटना डोळ्यांपुढे येते. म्हणून प्रस्तुत नोंदीत तो शब्द टाळून ‘जाळे’ हा शब्द वापरला आहे.

या जाळ्याचा उगम नेमका कोठे मानावा, याविषयी मतभेद आहेत. एका मतानुसार त्याची मुळे १९६७ मध्ये स्थापन झालेल्या ओहायो कॉलेज लायब्ररी सेंटर या संस्थेत आहेत. राज्यातील ५४ महाविद्यालयांनी ही संस्था काढली आणि येल विद्यापीठातून आलेले फ्रेडरिक किलगोर (१९१४–२००६) तिचे पहिले संचालक झाले. २६ ऑगस्ट १९७१ रोजी ओहायोतील अथेन्स येथील ओहायो विद्यापीठाच्या ऑल्डन ग्रंथालयात सामायिक संगणकीय तालिकीकरणास प्रारंभ झाला. एका ग्रंथालयाने पुस्तकाची नोंद एकदा केली की इतरांनी ती पुन्हा करावयाची नाही, हे त्यामागील सूत्र होते. मात्र ही संस्था ओहायोपुरती उरली नाही. १९७७ मध्ये घटनादुरुस्ती करून तिने राज्याबाहेरील ग्रंथालयांना सभासदत्व दिले आणि १९८१ मध्ये ऑनलाइन कॉम्प्यूटर लायब्ररी सेंटर हे नाव घेतले. त्यामुळे दुसऱ्या मताचे अभ्यासक तिला ओहायोलिंकची जननी न मानता केवळ शेजारीण मानतात आणि १९८७ च्या अहवालापासूनच इतिहास मोजतात.

ओहायोलिंकला दिला जाणारा ‘पहिले राज्यव्यापी जाळे’ हा मानही निर्विवाद नाही. ओहायो राज्य विद्यापीठाने १९७० च्या सुमारास ग्रंथांच्या देवघेवीसाठी संगणकप्रणाली वापरात आणली होती. पुढे तीच प्रणाली इलिनॉय राज्यातील विद्यापीठाने स्वीकारली आणि १९८० च्या सुमारास तेथील अनेक ग्रंथालयांत तिच्याद्वारे परस्पर देवघेव होऊ लागली. म्हणजे ओहायोत घडलेले साधन राज्यव्यापी देवघेवीसाठी आधी दुसऱ्या राज्याच्या उपयोगी पडले. कालक्रमाचाच निकष लावला, तर अग्रमान इलिनॉयकडे जातो.

१९८७ च्या अहवालामागचे निमित्त अगदी व्यवहारातले होते. राज्यातील विद्यापीठांची ग्रंथालये भरून गेली होती आणि प्रत्येक विद्यापीठ नव्या इमारतीसाठी स्वतंत्रपणे निधी मागत होते. १९८६ मध्ये विधिमंडळाने ओहायो बोर्ड ऑफ रीजंट्स या उच्च शिक्षण मंडळाला या प्रश्नाचा अभ्यास करण्यास सांगितले. मंडळाच्या समितीने दिलेल्या अहवालाच्या शीर्षकातच सहकार्य, साठवण आणि तंत्रज्ञान हे तीन शब्द होते. प्रत्येक आवारात भिंती वाढवण्यापेक्षा कमी वापराची पुस्तके प्रादेशिक भांडारांत ठेवावीत, राज्याची एकच संगणकीय तालिका करावी आणि पुस्तके वेगाने पोहोचवण्याची सोय करावी, असा त्याचा आशय होता. मागितली होती जागा आणि मिळाले जाळे. या अहवालाचे मोल त्यातच आहे.

तालिकेच्या प्रणालीसाठी १९९० मध्ये कॅलिफोर्नियातील इनोव्हेटिव्ह इंटरफेसेस या कंपनीशी करार झाला. सुरुवातीच्या आराखड्यात १३ शासकीय विद्यापीठे, २ खासगी विद्यापीठे, २ वैद्यकीय महाविद्यालये आणि राज्य ग्रंथालय अशा १८ संस्था होत्या. प्रत्यक्ष तालिका १९९२ मध्ये सहा विद्यापीठांच्या नोंदींवर उघडली. त्याच वर्षी टॉम सॅनव्हिल यांनी कार्यकारी संचालकपद स्वीकारले आणि ते २०१० पर्यंत सांभाळले. लहान खासगी महाविद्यालये आणि दोन वर्षांची सामुदायिक महाविद्यालये यानंतर टप्प्याटप्प्याने आली.

या तालिकेची रचना थोडी तपशिलाने पाहण्याजोगी आहे. प्रत्येक ग्रंथालयाची स्वतःची संगणकप्रणाली कायम राहिली. मात्र नवी नोंद झाली, पुस्तक बाहेर गेले किंवा परत आले, की ती वार्ता लगेच मध्यवर्ती तालिकेत पोहोचे. एकच पुस्तक वीस ठिकाणी असेल, तर वाचकाला वीस नोंदी न दिसता एकच मुख्य नोंद दिसावी आणि तिच्याखाली कोणत्या ग्रंथालयात, कोणत्या बोधांकावर (ग्रंथाची कपाटातील जागा दाखवणाऱ्या क्रमांकावर), कपाटात आहे की बाहेर गेले आहे, एवढे दिसावे अशी योजना होती. वीस नोंदी एकाच पुस्तकाच्या आहेत हे यंत्राने ओळखायचे कसे, हा यातला खरा पेच. त्यासाठी मुख्य आधार घेण्यात आला तो किलगोर यांच्या संस्थेच्या सामायिक तालिकेतील नोंदक्रमांकाचा. दोन दशके ओहायोतील ग्रंथालये त्याच तालिकेतून नोंदी घेत आल्यामुळे हा क्रमांक बहुतेक नोंदींवर आधीच होता. उगमाच्या वादात ही गोष्ट सहसा दुर्लक्षिली जाते. संस्था म्हणून ओहायोलिंक १९८७ ची असली, तरी तिची तालिका १९७१ पासून साचत आलेल्या नोंदींवरच उभी राहिली, असे म्हणणे अधिक सयुक्तिक वाटते.

जानेवारी १९९४ मध्ये वाचकाला थेट मागणी नोंदवता येऊ लागली आणि येथून या जाळ्याचे स्वरूपच पालटले. तोवर आंतरग्रंथालयीन देवघेव म्हणजे अर्ज भरणे, ग्रंथपालाने पुस्तक कोठे आहे ते शोधणे, त्या ग्रंथालयाकडे मागणी पाठवणे आणि वाट पाहणे असे. आता वाचकाने पडद्यावर आपली संस्था निवडावी, नाव व ओळखक्रमांक द्यावा आणि पुस्तक कोठून घ्यायचे ते सांगावे, एवढे पुरे झाले. तो वाचक मागणीस पात्र आहे की नाही, हे प्रणाली त्याच्या ग्रंथालयाच्या नोंदीवरून तपासते आणि पुस्तक शिल्लक असलेल्या एखाद्या ग्रंथालयाकडे मागणी पाठवते. तेथे सकाळी चिठ्ठी छापून निघते, कर्मचारी ती घेऊन कपाटाशी जातो, पुस्तकाला चिठ्ठी लावतो आणि ते त्या त्या ग्रंथालयाच्या पिशवीत टाकतो. पिशव्या टपालाऐवजी कंत्राटी वाहतूकदाराच्या गाडीने जातात. दोन-तीन कामकाजाच्या दिवसांत पुस्तक हाती पडावे, असा दंडक ठेवण्यात आला. अमुक पुस्तक का हवे, हे वाचकाला कोणाला सांगावे लागत नाही, ही बाब वेगाइतकीच महत्त्वाची आहे. लहान गावातील महाविद्यालयाचा विद्यार्थी राजधानी कोलंबसच्या मोठ्या विद्यापीठातील पुस्तकावर तेथील विद्यार्थ्याप्रमाणेच नाव घालू शकतो.

छापील पुस्तकांपाठोपाठ नियतकालिकांचा प्रश्न आला. वर्गणी दरवर्षी वाढत होती आणि ग्रंथालये एकेक नियतकालिक बंद करत चालली होती. ओहायोलिंकने वर्गणीदार ग्रंथालयांचा खर्च एकत्र केला, त्याला राज्याच्या निधीची जोड दिली आणि प्रकाशकाची सर्व नियतकालिके सर्व सभासदांना इलेक्ट्रॉनिक रूपात मिळावीत असे करार केले. अकॅडेमिक प्रेस आणि एल्सव्हिअर यांच्याशी झालेले करार यांत आरंभीचे होत. लेख प्रकाशकाच्या यंत्रावर न ठेवता राज्याच्याच संगणकांवर साठवणारे इलेक्ट्रॉनिक जर्नल सेंटर एप्रिल १९९८ मध्ये सुरू झाले. उतरवून घेतलेल्या लेखांपैकी निम्म्याहून अधिक लेख वाचकाच्या स्वतःच्या संस्थेत पूर्वी छापील स्वरूपात येतच नसलेल्या नियतकालिकांतील होते, असे पुढील पाहणीत दिसले. ‘बिग डील’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पद्धतीवर नंतर टीकाही झाली. ठराविक मोठ्या प्रकाशकांत अंदाजपत्रक अडकून पडते आणि लहान प्रकाशकांसाठी पैसा उरत नाही, हा त्यातील मुख्य आक्षेप होय, आणि तो निराधार नाही. तरीही या करारांमुळे छोट्या महाविद्यालयांना जे प्रथमच मिळाले, त्याचे मोल या आक्षेपाने कमी होत नाही.

प्रबंधांसाठीचे इलेक्ट्रॉनिक केंद्र २००१ मध्ये सुरू झाले. सार्वजनिक ग्रंथालयांच्या ‘सर्चओहायो’ या स्वतंत्र गटाशीही पुढे देवघेवीची जोडणी झाली.

अहवालात सुचवलेली प्रादेशिक भांडारे यथावकाश पाच ठिकाणी उभी राहिली. पुस्तके तेथे विषयवार न लावता आकारमानानुसार दाटीने ठेवतात व पट्टीसंकेतावरून (बारकोडवरून) शोधतात. कोणती पुस्तके तेथे हलवावीत, या प्रश्नाला २०११ मधील एका संयुक्त अभ्यासाने नवी धार दिली. ओहायोलिंकच्या सभासद ग्रंथालयांतील सुमारे ८० टक्के देवघेव अवघ्या ६ टक्के संग्रहावर चालते, असा त्याचा निष्कर्ष होता. उरलेल्या प्रती कमी कराव्यात, असा अर्थ काहींनी त्यातून काढला. मात्र देवघेवीच्या नोंदीत ग्रंथालयात बसून केलेले वाचन येत नाही आणि आज न मागितलेले पुस्तक वीस वर्षांनी एखाद्याच संशोधकाला लागू शकते. त्यामुळे एखाद्या पुस्तकाच्या राज्यात किती प्रती आहेत हे संघतालिकेत पाहून, शेवटची प्रत राखूनच बाकीच्या काढाव्यात, ही सावध भूमिका अधिक ग्राह्य वाटते. आणि असा हिशेब ठेवणे संघतालिकेमुळेच शक्य होते.