बाबांचा कान आणि हायडनचा दणका

बडोद्यात अकोट्याच्या नगरगृहात पाहुणा सिंफनी ऑर्केस्ट्रा आला होता, म्हणून बाबांना घेऊन गेलो. बाबा ७९ वर्षांचे, दोन्ही कानांना मशीन. कार्यक्रमात हायडनची ९४ क्रमांकाची सिंफनी होती. १७९२ साली लंडनमध्ये ती पहिल्यांदा वाजली, तेव्हापासून तिच्या दुसऱ्या भागातली खोडी प्रसिद्ध आहे. व्हायोलिनं एक साधी, बडबडगीतासारखी धून हळू वाजवतात, मग तीच आणखी हळू, आणि लोक कान टवकारून बसलेले असताना सगळा ताफा टिंपनीसकट, म्हणजे मोठ्या नगाऱ्यांसकट, एकदम दणका देतो.

धून दुसऱ्यांदा सुरू झाली तसे बाबा सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात कुजबुजले, "थांबले का रे?" तेवढ्यात दणका. बाबांनी दोन्ही हात कानांवर दाबले. "केवढ्यानं! माणसं बहिरी करायचीत का?"

कमी ऐकू येणं म्हणजे रेडिओचा आवाज बारीक होणं, असं आपण धरून चालतो आणि म्हाताऱ्या माणसांशी ओरडून बोलतो. मग "काय?" नंतर लगेच "ओरडतोस कशाला!" ऐकावं लागतं. आम्हाला तो बाबांचा तिरसटपणा वाटायचा. तो तिरसटपणा नाही, ते कानाचं यंत्रशास्त्र आहे.

आतल्या कानात गोगलगाईच्या शंखासारखी अडीच वेटोळ्यांची नळी असते, कॉक्लिआ. तिच्यात सुमारे ३५ मिलिमीटर लांबीचा एक पडदा. तोंडापाशी तो अरुंद आणि ताठ, तिथं बारीक, उंच स्वर थरथरतात. टोकाला रुंद आणि सैल, तिथं खर्ज. पडद्यावर रोमपेशी बसलेल्या असतात. आतल्या एका रांगेतल्या सुमारे ३,५०० पेशी मेंदूला निरोप पाठवतात. मग बाहेरच्या तीन रांगांतल्या १२,००० करतात काय?

आवाजानं पडद्यावर उठणारी लाट शोधल्याबद्दल बेकेशी या शास्त्रज्ञाला १९६१ चं नोबेल मिळालं, पण त्यानं पाहिलेले कान मृतांचे होते. त्यांतली लाट पसरट, बोजड होती. कान स्वतः ऊर्जा घालत असला पाहिजे, असं थॉमस गोल्ड हा शास्त्रज्ञ १९४८ मध्येच म्हणाला होता. कुणी मनावर घेतलं नाही. १९७८ मध्ये डेव्हिड केम्पनं कानात चिमुकला मायक्रोफोन ठेवला आणि कानातून बाहेर येणारा आवाज टिपला! आज तान्ह्या बाळांचे कान याच आवाजावरून तपासतात.

हा आवाज निघतो बाहेरच्या पेशींच्या हालचालीतून. विजेचा दाब बदलला की या पेशी सेकंदाला हजारो वेळा आखडतात, लांबतात. त्यांच्यातलं हे मोटारीचं काम करणारं प्रथिन २००० साली सापडलं आणि 'प्रेस्टो', म्हणजे द्रुत, या संगीतातल्याच शब्दावरून त्याचं नाव ठेवलं गेलं प्रेस्टिन. शोध बडोद्यात लागता तर 'द्रुतीन' म्हटलं असतं.

दिवाणखान्यातला झोपाळा आठवा. नेमक्या क्षणी पायानं हलकासा रेटा दिला की तो झुलत राहतो. तसा रेटा या पेशी पडद्याला देतात. आवाज हळू असेल तर भरपूर, ४०-५० डेसिबलपर्यंत भर घालणारा. आवाज चढत जाईल तसा कमी. दणक्याला जवळपास नाहीच. त्यामुळे मधल्या पट्ट्यात बाहेरचा आवाज १० डेसिबलनं वाढला तर पडद्याची हालचाल जेमतेम २-३ डेसिबलनं वाढते. कुजबुज ते गडगडाट एवढा पसारा एवढ्याशा नळीत मावतो तो असा.

बाबांच्या बऱ्याच बाहेरच्या पेशी गेल्या आहेत. पक्ष्यांमध्ये रोमपेशी पुन्हा उगवतात, आपल्यात नाही. रेटाच नाही, म्हणून हळू धून गायब. दणक्याला रेटा लागतच नव्हता, म्हणून तो जशाच्या तसा. जणू भराव घालून खोलीची जमीन वर आली, छत होतं तिथंच राहिलं.

मशीन हळू आवाज जास्त वाढवतं, मोठा कमी. म्हणजे पेशींचीच नक्कल. पण ते जुळवलेलं असतं बोलण्यासाठी. शिवाय मशीनची शिट्टी दाबणारी यंत्रणा बासरीच्या लांब, सरळ स्वराला आपलीच शिट्टी समजून त्याच्यावर तुटून पडते. "बासरीवाल्याची फुंक डगमगतेय," बाबांचं मत. एवढे पैसे मोजूनही मशीन देणाऱ्यानं त्यातल्या संगीताच्या सेटिंगबद्दल चकार शब्द काढला नव्हता. मध्यंतरात मोबाइलवरून ते मीच लावलं. डगमगणं थांबलं.

त्याच मोबाइलवर बाबांनी पाठवलेला मेसेज होता: वाद्यं जुळवायचा ४४० हर्ट्झचा सूर मन बिघडवतो, ४३२ हा निसर्गाचा सूर. अहो, हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती कंपनं, आणि सेकंद माणसानं ठरवलेला! ४४० सुद्धा १९३९ मध्ये लंडनच्या परिषदेत सोयीसाठी ठरला. आपल्याकडे तर ज्याचा त्याचा सा वेगळा, कुणाचा काळी एक, कुणाचा पांढरी चार. गायक मौलाबक्षांनी बडोद्यात १८८६ मध्ये सुरू केलेल्या गायनशाळेच्या वास्तूत दोन वर्षं तबला शिकलेल्या माणसानं असला मेसेज पुढे पाठवावा!

उत्तरार्धात बाबा रमले ते मागच्या उभ्या डबल बेसमध्ये. त्यांची सगळ्यात जाड तार ४१ हर्ट्झची. पडद्याच्या त्या टोकाच्या पेशी सगळ्यात उशिरा जातात. शेवटाकडे एका मुलानं लोखंडी त्रिकोण उचलला आणि सळईनं छेडला. भिंतीपर्यंत झणझणला.

बाबा माझ्याकडे वळले. "तो पोरगा नुसती काडी हलवतोय. वाजवत का नाही?"