साखर-बहिष्कार (ब्रिटन)

वेस्ट इंडीजमधील गुलामांच्या श्रमातून आलेली साखर न खाण्याची ब्रिटनमधील चळवळ. ती १७९१ मध्ये सुरू झाली आणि १८२० नंतर पुन्हा उभी राहिली.

एप्रिल १७९१ मध्ये गुलामांचा व्यापार बंद करण्याचा खासदार विल्यम विल्बरफोर्स यांचा प्रस्ताव ब्रिटिश संसदेच्या कॉमन्स सभागृहात १६३ विरुद्ध ८८ मतांनी फेटाळला गेला. संसद ऐकेना, तेव्हा प्रश्न थेट घरातल्या चहापर्यंत नेला गेला. त्याच वर्षी विल्यम फॉक्स यांनी एका पत्रकात हिशेब मांडला : आठवड्याला ५ पौंड साखर लागणाऱ्या कुटुंबाने २१ महिने ती सोडली, तर एका माणसाची गुलामी किंवा हत्या टळेल. हा हिशेब ढोबळच होता; पण मळ्यावरचा चाबूक आणि आपली साखरदाणी यांचे नाते त्यामुळे लपवता येईना. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध लढणारे थॉमस क्लार्कसन यांच्या अंदाजाने सुमारे ३ लाख लोकांनी साखर सोडली. १७९२ मध्ये संसदेकडे गुलामांच्या व्यापाराविरुद्ध ५१९ अर्ज आले.

या चळवळीचा खरा कणा स्त्रिया होत्या. त्यांना मताधिकार नव्हता, पण घरात काय आणायचे हे त्या ठरवत. पुढारी टप्प्याटप्प्याने मुक्ती देण्याची भाषा करत असताना लेस्टरच्या एलिझाबेथ हेरिक यांनी १८२४ मध्ये तत्काळ मुक्तीची मागणी केली आणि बहिष्काराला पुन्हा धार आणली.

‘गुलामांनी न बनवलेली ईस्ट इंडियाची साखर’ असे लिहिलेल्या साखरदाण्याही तेव्हा विकल्या जात. हिंदुस्थानातही गुलामी होती, हे ती साखर घेणाऱ्यांनी फारसे विचारले नाही. ब्रिटिश वसाहतींतील गुलामांना मुक्त करणाऱ्या १८३३ च्या कायद्यातून ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख वगळला होता. येथे गुलामीची कायदेशीर मान्यता १८४३ मध्ये गेली.

१८३३ च्या कायद्याने मालकांना २ कोटी पौंड भरपाई मिळाली. मुक्त झालेल्या सुमारे ८ लाख माणसांना काहीच मिळाले नाही. उलट बहुतेकांना १८३८ पर्यंत ‘शिकाऊ’ म्हणून त्याच मालकांकडे राबावे लागले. हा अन्याय मुक्तीच्या गौरवकथांत नेहमी झाकला जातो.

गुलामांच्या जागी राबायला मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर १८३४ पासून हिंदुस्थानातले करारबद्ध मजूर नेले जाऊ लागले. पुढे मुंबई बंदरातून गेलेल्या अशा मजुरांत कोकणातली मराठी माणसेही होती. मजुरांच्या हालांविरुद्ध ओरड झाल्यावर ही भरती काही काळ थांबवण्यात आली. १८४२ मध्ये मॉरिशससाठी ती पुन्हा सुरू झाली.