लिटरला ५५ ग्रॅम: कॉफीच्या प्रमाणामागचा इतिहास

कॉफीच्या पाकिटावर, ड्रिप मशीनच्या (पुडीवरून गरम पाणी झिरपवणाऱ्या यंत्राच्या) माहितीपुस्तिकेत, कॉफी भाजून विकणाऱ्या रोस्टरीच्या फळ्यावर हल्ली एकच प्रमाण फिरून फिरून दिसतं: एक लिटर पाण्याला ५५ ते ६० ग्रॅम पूड. कुणी तेच १:१८, १:१७ असं सांगतं. हे प्रमाण आलं कुठून ते शोधत गेलं की आपण १९५० च्या दशकातल्या अमेरिकेत पोचतो. त्यात थोडं पक्कं गणित आहे आणि थोडी त्या काळच्या अमेरिकी लोकांची आवड. माझ्या मते हे दोन्ही एकमेकांपासून सोडवून पाहिले पाहिजेत, कारण आज दोन्ही एकाच अधिकाराने सांगितले जातात.

मोजून कॉफी करण्याची हौस तशी जुनी. बेथोव्हेन कपामागे साठ बिया मोजून घ्यायचा, असं त्याचा चरित्रकार शिंडलर याने लिहून ठेवलंय. उष्णतेवर संशोधन करणाऱ्या काउंट रम्फर्डने १८१२ मध्ये कॉफीवर एक लांबलचक निबंध लिहिला आणि पूड पाण्यात रटरट उकळण्यापेक्षा तिच्यावरून गरम पाणी झिरपू द्यावं, असा आग्रह धरला. पण ही एकेका माणसाची शिस्त होती. सगळ्यांसाठी एक मोजमाप ठरवायची गरज भासली ती टंचाईनंतर.

दुसऱ्या महायुद्धात, नोव्हेंबर १९४२ मध्ये, अमेरिकेत कॉफीचं रेशनिंग सुरू झालं. ब्राझीलमध्ये माल होता, तो आणायला जहाजं नव्हती. पंधरा वर्षांवरच्या माणसाला पाच आठवड्यांसाठी एक पौंड, म्हणजे साधारण ४५० ग्रॅम. दिवसाला जेमतेम १३ ग्रॅम पूड आली. आजच्या प्रमाणाने त्यात पाव लिटरही कॉफी होत नाही. तेव्हा पाहुणे आले की आमटीत जे करतात तेच घरोघरी झालं, पाणी वाढलं. जुलै १९४३ मध्ये रेशनिंग उठलं, पण पातळ कॉफीची सवय राहिली. दहा वर्षांनी, जुलै १९५३ मध्ये, ब्राझीलच्या पाराना भागात हिमतुषारांनी कॉफीची झाडं करपली. १९५४ मध्ये अमेरिकेत पौंडाचा भाव डॉलरच्या वर गेला आणि हात पुन्हा आखडला.

कॉफीच्या धंद्याला याचा दुहेरी फटका होता. पूड कमी खपत होती, आणि पाणचट कॉफी पिऊन लोकांचं मनही तिच्यावरून उडण्याची भीती होती. लॅटिन अमेरिकेतल्या उत्पादक देशांचं पॅन अमेरिकन कॉफी ब्युरो आणि अमेरिकेतल्या व्यापाऱ्यांची नॅशनल कॉफी असोसिएशन यांच्या पाठबळावर त्या हिमतुषारांच्या आधीच, १९५२ मध्ये, कॉफी ब्रूइंग इन्स्टिट्यूट उभी राहिली होती. तिथल्या शास्त्रीय कामाची धुरा अर्नेस्ट लॉकहार्ट या रसायनशास्त्रज्ञाकडे आली. एमआयटीत शिकलेला हा माणूस १९३९ ते ४१ च्या अमेरिकी अंटार्क्टिक मोहिमेत शरीरक्रियाशास्त्रज्ञ म्हणून गेला होता, तिथल्या एका पर्वताला त्याचं नाव आहे. संस्थेचा हेतू उघड व्यापारी होता. लोकांनी जास्त पूड घालावी, हे तिच्या पाठीराख्यांना हवंच होतं. तरी लॉकहार्टचं काम प्रामाणिक होतं, आणि म्हणूनच ते टिकलं.

त्याने दोन गोष्टी वेगळ्या केल्या. भाजलेल्या कॉफीच्या वजनापैकी सुमारे ३० टक्के भाग पाण्यात विरघळू शकतो. त्यातला किती प्रत्यक्षात उतरला, हा झाला उतारा. आणि कपातल्या द्रवात विरघळलेला ऐवज शेकडा किती, ही झाली तीव्रता. उतारा कमी पडला तर चव आंबूस आणि अपुरी लागते, जास्त झाला तर कडवट, तुरट. तीव्रता मात्र फक्त दाट आहे की पातळ, एवढंच सांगते. कॉफी कडू झाली म्हणून पूड कमी करणारे आजही पुष्कळ आहेत. त्याने उलटंच होतं: थोड्या पुडीतून तेवढंच पाणी गेलं की उतारा वाढतो, आणि कॉफी पातळ असूनही कडू लागते. ही गाठ सोडवणं हेच मला लॉकहार्टचं खरं श्रेय वाटतं.

त्याने आखलेल्या तक्त्यात उभ्या अक्षावर तीव्रता, आडव्या अक्षावर उतारा आणि त्यांना छेदून जाणाऱ्या तिरक्या रेषा. एकेक रेषा म्हणजे पूड-पाण्याचं एकेक प्रमाण. ५५ ग्रॅमची रेषा हाताने काढून बघता येते. लिटरभर पाणी ओतलं की चोथा आपल्या वजनाच्या साधारण दुप्पट, म्हणजे ११० ग्रॅम पाणी धरून ठेवतो. खाली ८९० ग्रॅम येतं. पुडीचा २० टक्के भाग उतरला तर ११ ग्रॅम ऐवज त्यात आला, तीव्रता १.२४ टक्के. आता ४० ग्रॅम पूड घ्या. तेवढ्याच उताऱ्याला कपात येतात ८ ग्रॅम, तीव्रता ०.८७. ती वर खेचायची तर उतारा पार कडवटपणापर्यंत न्यावा लागतो. इथपर्यंत सगळं गणित आहे, ते नाशकातही तेच आणि न्यूयॉर्कमध्येही तेच.

तक्त्याच्या मधोमध एक चौकोन आहे: उतारा १८ ते २२ टक्के, तीव्रता १.१५ ते १.३५. हा चौकोन मात्र त्या वेळच्या अमेरिकी चवीवरून ठरलेला, तोही दूध-साखरेविना, ड्रिपच्या कॉफीचा. उपाहारगृहातल्या अर्ध्या गॅलनच्या भांड्याला सव्वातीन ते सव्वाचार औंस पूड, हा तिथला नियम याच चौकोनाशी जुळणारा. लिटर-ग्रॅममध्ये तो ४९ ते ६४ च्या मध्ये येतो आणि आजचे ५५ त्याच्या जवळपास मध्यावर बसतात. नॉर्वेने हाच तक्ता घेतला आणि चौकोन वर सरकवला, तिथली कॉफी १.३ टक्क्यांपासून पुढे सुरू होते. रेषा जागच्या जागी राहिल्या.

ब्रूइंग इन्स्टिट्यूट १९७५ पर्यंत मिटली, पण १९८२ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकी स्पेशालिटी (म्हणजे उंची दर्जाच्या) कॉफी संघटनेने तक्ता उचलून धरला. तीव्रता मोजायला लॉकहार्टच्या काळी द्रवाची घनता मोजणारा हायड्रोमीटर होता. २००८ च्या सुमारास व्हिन्स फेडेले यांनी कॉफीसाठी खास रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाश द्रवात किती वाकतो त्यावरून तीव्रता सांगणारं उपकरण) आणला, थेंबभर कॉफीत काही सेकंदांत आकडा मिळू लागला, आणि दुकानादुकानांतून तो चौकोन पाळला जाऊ लागला. माझी तक्रार इथेच आहे. मोजणं सोपं झालं तशी चौकोनाची बूज वाढली आणि तो कुणाच्या आवडीवरून आखला होता, हे मागे पडलं.

कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठात विल्यम रिस्टेनपार्ट आणि जाँ-झाविए गिनार यांच्या चमूने २०२० च्या सुमारास शंभरावर लोकांना वेगवेगळ्या तीव्रतेची आणि उताऱ्याची काळी कॉफी पाजून पाहिली. सर्वांना आवडणारा एक बिंदू काही सापडला नाही. पिणाऱ्यांचे दोन वेगळे गट पडले, आणि जुन्या चौकोनाबाहेरच्या कॉफीलाही चांगली पसंती मिळाली.

आपल्याकडच्या फिल्टर कॉफीला हा आकडा लावणं तर त्याहून अवघड. माटुंग्याच्या उडुपी हॉटेलातलं डिकॉक्शन दुधात मिसळायलाच काढलेलं असतं, त्यामुळे ते ड्रिपच्या कॉफीहून कितीतरी दाट लागतं. शिवाय पुडीत बहुधा चिकोरी, म्हणजे एका वनस्पतीच्या भाजलेल्या मुळांची पूड, असते. मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के हवी असा आपला अन्ननियम आहे, म्हणजे ४९ टक्क्यांपर्यंत चिकोरी चालते, आणि चिकोरी कॉफीपेक्षा खूपच जास्त विरघळते. रिफ्रॅक्टोमीटरला विरघळलेलं काय आहे ते कळत नाही, फक्त किती आहे ते कळतं. अशा पुडीला लिटरला ५५ ग्रॅम हा हिशेब लागू पडत नाही. तिथे एका बाजूला डिकॉक्शन किती आणि दूध किती, आणि दुसऱ्या बाजूला पाकिटावर लिहिलेली चिकोरीची टक्केवारी, हे दोन आकडे पाहायचे.